घर क्रमांक तेहतीसचं पाणी

"फोन इथे टाका. दोघांचेही."

डॉ. सुमंगला यांनी कापडी पिशवी उघडून धरली. सिद्धीने फोन टाकला. सुदेशने जरा थांबून टाकला, आणि ते थांबणं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"गावात कोणाला कळवलंय?"

"नाही," सिद्धी म्हणाली. "आम्हालाच तुम्ही आज सकाळी सांगितलंत."

गाडी गोव्यातलं साखळी गाव मागे टाकून खाणीच्या रस्त्याला लागली. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खालच्या गावातल्या विहिरींचं पाणी अजून लालसर होतं, आणि त्यात मँगनीज होतं. सिद्धी साखळीची, सुदेश पेडण्याचा. दोघंही परदेशात एकाच विद्यापीठात शिकत होते. त्या विद्यापीठाच्या ठेवनिधीतून विद्यार्थ्यांच्या आरोग्य प्रकल्पांना पैसे मिळत. त्या पैशांतून, वर्षभराची सुट्टी घेऊन, त्यांनी या गावात चाळीस घरांत फिल्टर बसवले होते. अकरा महिने, दर महिन्याला चाळीस नमुने. एकही खराब निघाला नव्हता.

म्हणूनच निधीच्या विश्वस्तांनी पुण्याहून डॉ. सुमंगला यांना पडताळणीला पाठवलं होतं.

"इतके स्वच्छ आकडे मी कधी पाहिले नाहीत," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "प्रयोगशाळेतसुद्धा नाहीत."

"आम्ही एकही आकडा बदललेला नाही."

"तसं असेल तर चारशे घरांचा प्रस्ताव मी आजच पुढे पाठवीन. नसेल तर तुम्हा दोघांना विद्यापीठात परत जाऊ नका, असंच सांगावं लागेल."

सुदेशने रुमालाने मान पुसली. सिद्धीने त्याच्याकडे पाहिलं. निम्मी घरं त्याच्या वाट्याची होती. तिने कधी त्याची वही तपासली नव्हती.

सुमंगलांनी यादीतले तीन क्रमांक स्वतः निवडले. सात आणि एकोणीस स्वच्छ निघाले. तिसरा होता तेहतीस. खाणीच्या खड्ड्याला सगळ्यात जवळचं घर. सुदेशच्या वाट्याचं.

त्या घरची भाग्यलक्ष्मी सोप्यावर काजू वाळत घालत होती.

"ये गो बाय. आज मंगळवार नाय, तरी आलीस?"

सुमंगलांनी मान वळवली. "तुम्ही मंगळवारीच येता?"

"आतापर्यंत हो," सिद्धी म्हणाली.

"ही कोण?"

"ह्या पुण्याच्या डॉक्टरीणबाई, भाग्यलक्ष्मीमावशी."

"मग उन्हात कित्याक उभी? बस गो बाई. आणि हा सुदेश. दर खेपेला येतो नि पाणीच मागतो. मुलगी मागायला आला असता तर एव्हाना लग्न झालं असतं."

सुदेश हसला नाही.

सुमंगला बाकावर बसल्या. स्वयंपाकघराच्या दारातून क्रोशाचं झाकण घातलेला फिल्टर दिसत होता.

"फिल्टर चालतो ना?"

"चालतो तर. झकास."

"तो बघायचा का?" सिद्धीने विचारलं.

"नको. तुमच्या अर्जात बरोबर लिहिलंय. फिल्टरच्या नळाला काय येतं ते महत्त्वाचं नाही. माणूस काय पितो ते महत्त्वाचं." मग त्या अर्जातलं वाक्य जसंच्या तसं बोलल्या, "तुमच्या घरात पितात तसं पेलाभर पाणी द्या."

"स्नेहा, पाणी हाड गो."

भाग्यलक्ष्मीची सून आतून आली. सातवा महिना होता, भिंतीला हात टेकत चालत होती. चिंचेने लख्ख घासलेला तांब्या, पेला आणि बशीत गुळाचे खडे तिने बाकावर ठेवले. सुमंगलांनी गुळाला हात लावला नाही.

"गूळ घे. नुसतं पाणी देत नाहीत आमच्यात."

"आधी काम."

त्यांनी दोन काचेच्या नळ्या काढल्या. एकीत अंगणातल्या विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत तांब्यातलं. मँगनीज असेल तर जांभळा रंग येणाऱ्या द्रावणाचे थेंब दोन्हींत टाकून घड्याळ लावलं. पाच मिनिटं.

विहिरीची नळी मिनिटभरात जांभळी झाली.

सिद्धी दुसऱ्या नळीकडे बघत होती. मग तिची नजर स्नेहाच्या पोटाकडे गेली. या मुलासाठी तर हे सगळं होतं. बाळांच्या वाढत्या मेंदूला मँगनीज काय करतं, ते तिने अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

तीन मिनिटं. सुदेशने डोळे मिटून घेतले होते.

पाच.

सुमंगलांनी नळी उजेडात धरली, मागे पांढरा कागद लावला, तिरकी करून पाहिली. पाणी आभाळासारखं नितळ होतं.

"मी तुमच्यावर संशय घेतला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याबद्दल माफी मागते." त्यांनी कागदावर तिथेच सही केली. मग गुळाचा खडा तोंडात टाकून पेलाभर पाणी पिऊन टाकलं. "गोड आहे हो पाणी."

"मी तुझी वही बघणार होते," गाडीत बसताना सिद्धी सुदेशला म्हणाली.

"मी तुझी आज सकाळीच बघितली," तो म्हणाला. मग दोघंही हसली.

गाडी वळणाआड गेली तसा भाग्यलक्ष्मीने पुन्हा काजूला हात घातला. स्नेहाने तांब्यात उरलेलं पाणी दाराआडच्या पितळी कळशीत परत ओतलं, आत डोकावून पाहिलं आणि झाकण नीट बसवलं.

"आई, पाहुण्यांसाठी ठेवलेलं पाणी तळाला गेलं. ह्यांना सांगा, येताना डोंगरावरच्या झरीवरनं कळशी भरून हाडा. ही बाई जिथे जिथे गेली, तिथल्या सगळ्यांचंच संपलं असणार आज."

"सांगतंय. तू पाणी पी जा. मघापासून उभी आहेस."

स्नेहा आत गेली. दिवाळीपासून तुंबलेल्या फिल्टरमधून कांदे काढून तिने सुपात टाकले. मग विहिरीच्या बादलीतून पेला भरला, लाल गाळ तळाशी बसेपर्यंत थांबली, आणि घटाघट प्यायली.