मॉडेमचं भांडण

"मॅडम, दोन मॉडेमचं भांडण झालं तर मिटवतं कोण?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून उन्नतीने सहलीत अख्ख्या वर्गासमोर सॅटेलाइट केंद्रातल्या इंजिनीअर मॅडमना हे विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम मात्र रंगात आल्या. "होऊच देत नाहीत ते. मुख्य डेटासोबत एक छोटा चॅनल जातो. त्यावरून पलीकडचा मॉडेम कळवत राहतो, तुझं किती नीट ऐकू येतंय. त्याप्रमाणे हा पावसात पॉवर वाढवतो, उघडलं की कमी करतो. उगाच जास्त ठेवली तर शेजारच्या सिग्नलला त्रास."

"आणि मुख्य सिग्नलच बंद पडला तर?" हा प्रश्न पैजेत नव्हता.

"मग छोटा चॅनलही बंद. तो त्याच सिग्नलवर बसून जातो ना."

उन्नती दिवाळे गावातल्या घरी पोचली, तर आई-पप्पांचा अबोला पाचव्या दिवशीही तसाच.

"तुज्या पप्पाला सांग, जेवान तयार हाय," आई म्हणाली.

पप्पा समोरच बसले होते. "तिला सांग, भूक नाय."

उन्नतीने दप्तर खाली ठेवलं. "आजपासून मी कुणाचा निरोप नेणार नाही. काय ते एकमेकांना सांगा. आणि बोलताना उगाच ओरडू नका, मध्ये फक्त एक टेबल आहे."