पडद्यावरची सून

पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात लंकाबाई रोज संध्याकाळी मालिका लावून बसायच्या आणि पडद्याकडे बघत ओरडायच्या, "किती सोसशील गं माय? ऊठ, माहेरी निघून जा!"

स्वयंपाकघरात हर्षालीला संगीताचा दणदणाट आणि सासूबाईंचं ओरडणं, एवढंच ऐकू यायचं. नवऱ्याने मारून सुजवलेल्या गालावर ओलं फडकं दाबत ती मनात म्हणायची, खोट्या सुनेसाठी यांचा जीव तुटतो, घरातली मात्र दिसत नाही.

एकदा तिचा नवरा महेश अंघोळीला गेला होता. पुन्हा तेच ओरडणं ऐकून हर्षालीचं डोकं फिरलं. टीव्ही बंद करायला ती तरातरा बाहेर आली आणि थबकली. पडद्यावर पौराणिक मालिका चालू होती. देव-दानवांचं युद्ध पेटलं होतं, सून कुठेच नव्हती.

"आई, तुम्ही सांगताय तरी कोणाला?"

लंकाबाईंनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला आणि दिवाणाखालून हर्षालीच्या कपड्यांनी भरलेली पिशवी ओढून काढली.


"लय दिवस झाले, तुलाच सांगतेय पोरी. तो बाहेर यायच्या आत तुझ्या माहेरची, सायखेड्याची बस धर."