खोटंखोटं जेवण

"खायचं नाही हं कुणी. नुसतं खाल्ल्यासारखं करायचं," कॅमेऱ्याशेजारचा दादा म्हणाला. शाळेत मुलांना सकस जेवण मिळावं म्हणून टीव्हीवाल्यांनी काढलेल्या कार्यक्रमाचं शूटिंग होतं. ताटातली गाजरं, काकड्या चमकाव्यात म्हणून त्यांवर कसलासा फवारा मारला होता. चुलीचा धूर चित्रात नको, म्हणून शाळेची रोजची खिचडी त्या दिवशी शिजलीच नव्हती.

मुलांना असं खोटंखोटं जेवणं जमेना. कुणी हसायचं, कुणी ताटाकडेच बघत बसायचं. पल्लवीला मात्र पहिल्याच वेळी जमलं. तिने रिकामी बोटं तोंडाशी नेली, सावकाश चावलं, गिळलं, वर घोटभर पाणी घेतलं आणि बाहीने ओठ टिपले.

"कुठे शिकलीस गं?" दादाने कौतुकाने विचारलं.

रविवारी शेजारच्या काकूंकडे अख्खी आळी टीव्हीपुढे जमली. पडद्यावर पल्लवीचा चेहरा आला. "चला, एक दिवस तरी पोर पोटभर जेवली," काकू पल्लवीच्या आईला म्हणाल्या.

आई पडद्याकडे बघतच राहिली. पीठ कमी पडलं की ती लेकीसमोर अशीच जेवायला बसायची. ताट जरा स्वतःकडे कलतं धरायचं, रिकामी बोटं तोंडाशी न्यायची, सावकाश चावायचं, वर पाणी प्यायचं, पदराने ओठ टिपायचे. "तू खा, मी खातेय की," म्हणायचं.

पोरीला यातलं काही कळत नाही, असंच तिला आजवर वाटत होतं.