आमचा लागतो

वकीलबाई पोटभर हसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "छान आहे. पुरावा कुठाय?"

पडद्यावर जाहिरातीचा कच्चा नमुना थांबला होता. दवाखान्याची खाट. खाटेवर समोरच्या कंपनीचा जुना फोन, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेला. डॉक्टर म्हणतात, "नातेवाइकांना कळवा." नातेवाईक म्हणतो, "कशानं कळवू? फोन तर हाच आहे." मग काळा पडदा आणि दोन शब्द: आमचा लागतो.

ही जाहिरात लिहिणाऱ्याला ऑफिसात टोमणे म्हणत. ते आडनाव नव्हतं, खातं होतं. कुणाची टर उडवायची असली की काम त्याच्याच टेबलावर येई.

"दुसऱ्याच्या मालाला हसायचं तर हसण्याला आधार लागतो," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांचा एक फोन आणा. वापरून वापरून म्हातारा झालेला, मुद्दाम बिघडवलेला नको. कॅमेऱ्यासमोर त्यावरून फोन लावू. नाही लागला तर खुशाल हसा. लागला तर जाहिरात बाद."

"आहे माझ्याकडे," टोमणे म्हणाला. "वडिलांचा. गेले त्या दिवशी त्यांनी मला लावला होता, पण त्या डबड्यावरून लागलाच नाही."

साहेबांनी मान खाली घातली, पुरेसा वेळ खाली ठेवली, मग वर केली.

"वाईट झालं," ते म्हणाले. "उद्या आणशील?"

डबडं होतं, लागला नाही. हे वाक्य टोमणे चार महिने सांगत होता. भेटायला आलेल्यांना, शेजाऱ्यांना, दाढी करताना आरशाला. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं आणि एक दिवस त्याचा विनोद झाला. चांगला विनोद वाया घालवणाऱ्यांतला तो नव्हता.

आईने फोन फडक्यात गुंडाळून दिला. ती तो रोज सकाळी चार्ज करायची. नंबरही तिने चालू ठेवला होता.

"मी बाजारातून आले तेव्हा हातातच होता त्यांच्या," ती म्हणाली. हे ती दर वेळी म्हणायची. "वर तुझं नाव होतं. तुलाच लावत होते रे."

"लावत असतील. लागत नव्हता, आई. माझ्याकडे एक मिस्ड कॉल नाही त्या दिवशीचा. दाखवू?"

"नको. परत आण पण. कुणाचा आला तर?"

"कुणाचा येणार?"

"ते आल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा लागला. चहा आला, चहाच्या मागून सगळं ऑफिस आलं. टोमणेने आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. ज्यांची जाहिरात होती त्यांचाच, सगळ्यांत नवा. गेल्या वर्षी या फोनची जाहिरातही आणि फोनच्या आतली मराठी वाक्यंही त्यानेच लिहिली होती आणि जाहिरात गाजली म्हणून कंपनीने त्याला हा भेट दिला होता. मालकाच्या सवयी शिकणारा, माणसापेक्षा समजूतदार फोन.

बाबांचा फोन सुरू व्हायला दीड मिनिट लागलं. लोक आत्तापासूनच हसायला लागले. वकीलबाईंनी नावांची यादी उघडली आणि वाचलं, "बाळ. कंसात, कामात असतो. हे तुम्हीच का?"

"मीच."

या वेळी हसणारे कमी होते. बाबांचे फोन नेमके मीटिंगमध्ये यायचे. तो स्वतःचा फोन उलटा ठेवायचा, नंतर करू म्हणायचा आणि ते राहून जायचं. पुढे पुढे यायचेच बंद झाले. बाबांना एकदाचं समजलं, असं त्याला वाटलं होतं. बरंही वाटलं होतं.

वकीलबाईंनी नंबर लावला आणि फोन कानाला धरला. टेबलावरचा फोन गप्प होता. काळा, चकचकीत, पोटात छताचा दिवा घेऊन पडलेला. दहा सेकंद. वीस. कॅमेरामनने अंगठा दाखवला. साहेबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. टोमणेच्या छातीवर चार महिने बसलेलं कुणीतरी उठून गेलं. नव्हताच लागत. तो खरंच बोलत होता.

वकीलबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"रिंग जातेय," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्याकडे."

त्यांनी स्पीकर लावला. म्हाताऱ्या फोनमधून रिंगचा आवाज आला. स्वच्छ, न घाबरता, एकामागून एक.

टोमणेने स्वतःचा फोन उचलला. समोर काहीच नव्हतं. तो आत शिरला, सेटिंगमध्ये, त्याच्याही आत, जिथे तो कधी गेला नव्हता. तिथे एक यादी होती: शांत ठेवलेले कॉल.

बाबा. आत्ता.

त्याखाली चार महिन्यांपूर्वीची एक दुपार. बाबा, बाबा, बाबा. तीन दहा ते तीन बेचाळीस, अकरा वेळा. त्याखाली आदल्या दिवसाचा एक. त्याच्या आदल्या दिवसाचा एक. यादी खाली जातच राहिली.

सगळ्यांत वर फिकट अक्षरांत एक ओळ होती. ती त्याच्या ओळखीची होती. 'बहुधा' घ्यावं की 'सहसा', यावरून गेल्या वर्षी त्याने कंपनीशी दोन दिवस वाद घातला होता, आणि जिंकला होता.

"हा नंबर तुम्ही सहसा उचलत नाही, म्हणून तुम्हाला त्रास दिला नाही."