हरिदासचा वाटा

सतरावं नाव झालं तसा हरिदासनं टेपचा आवाज वाढवला.

"ह्यो कुनाचा?" कॅसेटमधून कुणीतरी विचारलं. रावजी आजानं नाव घेतलं. पलीकडून "ओ" आली. पुढचा वाटा.

शुक्रवारची दुपार होती. बहारीनमधल्या मआमीरच्या लेबर कॅम्पात सगळे जेवून आडवे झाले होते. खोलीत एसी घरघरत होता. समोरच्या कॉटवर हैदराबादचा ताहिर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडला होता. हरिदास टेपला कान लावून बसला होता.

शिमग्यानंतर गावात पारध होते. सरकारनं शिकार कधीच बंद केली, पण आजोबा-पणजोबांपासूनची ही एक पारध काही सुटत नाही. बोभाटा न करता सगळे रानात शिरतात. भेकर मिळालं की देवळामागं पानांवर वाटे पडतात. बंदुकीचा वाटा, कुत्र्यांचा वाटा, मग घरटी एक. गावातला सगळ्यात जाणता म्हातारा रावजी आजा वाट्यांकडं पाठ करून बसतो, म्हणजे कुणाला बरा-वाईट दिला असं व्हायला नको. एकानं वाट्यावर हात ठेवायचा, आजानं नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव त्यानं ओ द्यायची. तीन हाकांत ओ आली नाही तर वाटा परत ढिगात. आणि पुढच्या सालापासून त्या घराचं नावच घ्यायचं नाही. घर उठलं म्हणून समजायचं.

आजा यात भारी कडक. एकदा त्याचा सख्खा जावई नेमका झुडपाआड गेला होता. तीन हाका झाल्या, वाटा गेला. लेक महिनाभर बापाशी बोलली नाही, पण म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं नाही.

हरिदास बारा वर्षं बहारीनला वेल्डर. लग्न जमता जमता राहून गेलं. गावात त्याच्या नावाला ओ द्यायची ती त्याची आई, इंदुबाई. खरं तर बाईमाणसानं वाट्याला उभं राहायची रीत नव्हती. पण इंदुबाईला सांगणार कोण? पदर खोचून ती पुढं यायची आणि अशी ओ ठोकायची की झाडावरची पाखरं उठावीत. वर आजालाच ऐकवायची, "बहारीनला गेलाय पोर, मेला न्हाय."

ती इंदुबाई दिवाळीत गेली. हरिदासला लीव्ह मिळेस्तोवर तिचं तेरावंही होऊन गेलं. मग कुणासाठी जायचं, म्हणून तो गेलाच नाही. घराला कुलूप लागलं. चूल पेटायची बंद झाली.

काल चुलतभाऊ उज्ज्वल सुट्टीवरून परत आला. इथंच, बहारीनमधल्या अदलियातल्या ऑफिसात कामाला असतो तो. खास टॅक्सी करून कॅम्पावर आला आणि कॅसेट देऊन गेला. म्हणाला, "वाट्याच्या वेळची हाय. आजानंच भराया लावली."

हरिदासला वाईट वाटलं. शिकारीची गोष्ट गावाबाहेर बोलू न देणारा माणूस ती कॅसेटमध्ये भरून परदेशी धाडतो, ते कशाला? वाटा गेला तो आपल्या कानानं ऐकावा, उद्या कुणाला दोष देऊ नये, म्हणून. दुसरं काय असणार? आजाचा हिशेब असाच रोखठोक. तरी पण आशा सुटत नव्हती. कुणीतरी देईल ओ. शेजारी देईल. उज्ज्वलही तिथंच उभा असेल की.

"ह्यो कुनाचा?"

"हरिदास," आजा म्हणाला.

कुणीच बोललं नाही.

"हरिदास."

कुणीतरी खाकरलं. कुत्रं गुरगुरलं. उज्ज्वलही गप्पच. बरोबरच होतं. दुसऱ्याच्या नावाला घरच्याशिवाय कुणी ओ द्यायची नसते.

"हरिदास," आजानं तिसरी हाक दिली.

हरिदासनं खटकन बटण दाबून टेप बंद केला. पुढचं त्याला ऐकवणार नव्हतं. बारा वर्षं तो इथं एकटाच होता, पण आपण एकटे आहोत असं त्याला कधी इतकं वाटलं नव्हतं. आणि बंद टेपकडं बघत त्यानं ओ दिली. चांगली मोठ्यानं.

ताहिरनं डोळ्यांवरचा टॉवेल काढला. "किसको जवाब दे रहे हो भाई? टेप तो बंद है."

"किसी को नहीं."

"खलास हो गई कॅसेट?"

"थोडी बाकी है," हरिदास म्हणाला. आईचा शेवट त्यानं बघितला नव्हता. हा तरी ऐकून घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

कॅसेट फिरत राहिली. तीन हाका झाल्या होत्या, तरी आजा पुढचं नाव घेत नव्हता. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. माणसं चुळबुळायला लागली.

"आजा, टाकू का ढिगात?" वाट्यावर हात ठेवलेल्या माणसानं विचारलं.

"टाकू नको. त्याचा त्याला ठेव. पुढल्या सालालाबी नाव घ्यायचं."

"पन ओ कुठं दिली कुनी?"

"त्यानंच दिलान," आजा म्हणाला. "लांबनं दिलान, पोचाया येळ लागतो."