घामाची तक्रार

इस्त्रीघरातल्या बायकांनी मिळून मुकादमबाईंच्या कानावर घातलं, "त्या नवीच्या शेजारी उभं राहवत नाही. तुम्हीच काय ते सांगा."

मुकादमबाईंच्या अगदी जिवावर आलं. नवी कामाला वाघ होती. चादरीवर एक सुरकुती राहू द्यायची नाही. पण वाफेनं कोंदलेल्या त्या खोलीत दुपारनंतर तिचा वास खरंच नाकाला झोंबायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्याखाली गाठलं आणि डॉक्टरांकडून कधीतरी ऐकलेलं आठवून आठवून सांगितलं.

"हे बघ, घामाला स्वतःचा वास नसतो गं. अंगावरचे जंतू त्याच्यावर पोसतात, त्याचा वास येतो. बगला साबणानं धुवायच्या, नीट कोरड्या करायच्या. सुती कपडे घाल, रोज धुतलेले."

नवीचा चेहरा खर्रकन उतरला. "दोनदा अंघोळ करते हो, ताई." मग मान खाली घालून तिनं विचारलं, "आणि घामच आला नाही तर?"

"मग तू जिंकलीस!" मुकादमबाई हसून म्हणाल्या. अवघड बोलणं एकदाचं उरकलं, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

वास खरंच कमी झाला. बायका निवल्या. चौथ्या दिवशी दुपारी नवी उभ्याउभ्या कोसळली.

"पाणी आणा!" मुकादमबाई ओरडल्या.

"ती पाणी पीतच नाही," शेजारच्या टेबलावरची चाचरत म्हणाली. "सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत एक घोट नाही. घाम येतो म्हणे."

मुकादमबाई तिच्याजवळ खाली बसल्या. नवीचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी ब्लाउजची बटणं सोडली. दोन्ही बगला घासून घासून सोलवटल्या होत्या. मुकादमबाई ओल्या फडक्यानं तिचं तोंड, मान पुसत राहिल्या. बायका भोवती उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं तिच्या पापण्या हलल्या. मुकादमबाईंनी तिच्या सुकलेल्या ओठांना पेला लावला. तिनं तोंड फिरवलं आणि दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून घेतले.

"लांब सरा, ताई," ती पुटपुटली, "तुम्हाला वास येईल."