आलेच तर उघडू नका

"कारखानीस घराण्यात झाकण्यासारखं काही नाही!" दत्ताकाकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठणकावलं. चहा निवायच्या आत पंचविशीतल्या पुतणीचा, शाल्मलीचा, मेसेज आला.

"प्रेमात होते तेव्हा मी एकाला माझे तसले फोटो पाठवले होते. आता लग्नाला नाही म्हटलं, तर तो ते तुम्हा सगळ्यांना पाठवायची धमकी देतोय. मी पोलिसांत तक्रार केलीय. आलेच तर उघडू नका. लाज त्याला वाटू दे."

पोरीने धमकीतली हवाच काढून घेतली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीपुढेही ततपप करणाऱ्या काकांचा ऊर भरून आला.

"शाबास, शालू! पुन्हा पोलिसांत जाशील तेव्हा मी सोबत येतो," त्यांनी लिहिलं. जरा थांबून पुन्हा लिहिलं, "पण आधी घरी ये. माझ्या फोनात फोटो आपोआप डाउनलोड होतात, तेवढं बंद करून दे."